“सध्या काय काम करता?”

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर

प्रिय बद्रीनाथ यास, आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, “दादा, आमच्या सांडूला तुझ्या कंपनीत चिकटव की. इथं पोरं नुसती पारावर बसून हायेत.” मी ‘बघतो’ म्हणालो. वस्तुस्थिती अशी, की दिवाळीनंतर कंपनीने आमचा हिशेब विभाग पुण्याला हलवला आणि मला घरी बसवले.

काल रोजगाराच्या सरकारी पाहणीसाठी एक बाई आल्या. “साहेब सध्या काय काम करतात?” मी ‘बेरोजगार’ म्हणण्यापूर्वीच तुझी वहिनी बोलली, “खुलताबादला शेती बघतात की! यंदा अद्रक लावलंय.” बाई गेल्यावर मी विचारले, “कोणाची शेती?”

“भाऊजींची. परकी हाय व्हय?”

‘मला नोकरी आहे’ असे सांगून शेतीतला माझा हिस्सा मीच तुझ्या नावे केला होता. तरीही बाईंच्या कागदावरची खोटी नोंद माझ्यासारख्या हिशेबाच्या माणसाला सहन होत नाही. अद्रकाच्या काढणीला येऊन ती खरी करावी, असे वाटते.

हे पत्र मात्र मी टाकणार नाही. ते वाचताच तू मोटारसायकल काढून मला न्यायला येशील, आणि नाही म्हणण्याइतका मी आता ताठ राहिलेलो नाही.

तुझा,
दादा