हळूच दाबलेली पट्टी

ती. आईस,
तुझ्या कटकट्या लेकीचा साष्टांग नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. डोकं मात्र फिरलंय. खोलीत खरा पियानो मावत नाही, म्हणून खऱ्यासारखा वाटणारा कीबोर्ड शोधत दुकानं पालथी घातली. तूच शिकवलंस ना, पट्टी इतकी हळू दाबून बघायची की खरा पियानो ब्रही काढत नाही? तशी मी दाबत बसते, तर विक्रेता धावत येऊन आवाज वाढवतो! "ताई, वाजवा की, लाजताय कशाला?" एकाच्या पट्ट्या कागदासारख्या हलक्या, दुसऱ्याच्या दगडासारख्या जड, आणि कितीही हळू दाबा, मेले बोंबलतातच.

शेवटी एक गप्प बसणारा मिळाला, तो आणला. बाबांचा गुडघा काय म्हणतो?

काल फोनवर तुला वाजवून दाखवलं, तेव्हा मधे मुद्दाम एक सूर चुकवला. एरवी स्वयंपाकघरातूनही "चूक!" म्हणून ओरडणारी तू, काल नुसतं "छान" म्हणालीस.

आई, चिडलीस तरी चालेल, पण बाबांना सोबत घेऊन जा आणि तुझे कान तपासून घे. मग मी पुन्हा चुकेन. तू ओरड.

तुझीच,
बेसूर लेक