तान्ह्या पोळ्यातली परदेशी शिंगं

नागपूर, ता. ३० ऑगस्ट १९७३

तीर्थस्वरूप रुपराव भाऊजींच्या सेवेशी धाकटा साळा देवाजीचा दोन्ही हात जोडून नमस्कार. सिंधूताईचे गुडघे कसे आहेत? तुमचा रंधा जोरात चालत असेलच. आम्ही इकडे खुशाल आहोत (हा शब्द पत्राच्या रीतीपुरताच घ्यावा).

आमच्या प्रमोदिनीसाठी तुम्ही उमरेडहून धाडलेला लाकडी बैल पोचला, पण एस.टी.च्या टपावर त्याची दोन्ही शिंगं मोडली. पोरांचा तान्हा पोळा दोन दिवसांवर आणि पोरगी रडून बेजार. नेमका त्याच दिवशी मी कॉलेजच्या म्युझियममधून एक दगड घरी आणला होता. चोरून नाही हो, लेबल लिहायला. तिथली सगळी लेबलं मीच लिहितो, कारण आमच्या प्रोफेसर साहेबांचं अक्षर खुद्द साहेबांनाच लागत नाही. हा दगड म्हणजे परदेशातला ट्रायलोबाइट, चाळीस कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी रांगणारा किडा, आता पार नामशेष. नाव डायक्रॅनुरस (तीनदा लिहिलं, तिन्हीदा वेगळं झालं). बोटभर जीव, पण डोक्यावर मेंढ्यासारखी वळलेली दोन शिंगं. साहेबांची अर्धी हयात अशाच किड्यांवर गेली. सोमवारी मुंबईचे पाहुणे तो बघणार, आणि ते खूश होऊन गेले की साहेब माझ्या पक्क्या नोकरीच्या कागदावर सही करणार. तीन वर्षं टेम्पररी आहे मी, भाऊजी. जीव नुसता टांगणीला लागला आहे.

मी आंघोळीला गेलो तेवढ्यात आमच्या मंडळींनी, गोपिकेनं, तो दगड लाखेनं बैलाच्या माथ्यावर चिकटवला, शिंगांना हिंगूळ फासला आणि वर बेगड लावली. मी खूप ओरडलो (मनातल्या मनात, तिचा स्वभाव तुम्हाला ठाऊकच आहे). ती म्हणाली, “चाळीस कोटी वर्षं पडूनच होता ना जी तो? दोन दिवस पोरीच्या कामी आला तं का झिजते?” काल मोहल्ल्याच्या तान्ह्या पोळ्यात आपल्या बैलाला पहिलं बक्षीस मिळालं, स्टीलचा डबा. तुमच्या कारागिरीचं नाव झालं. बाकी सर्व ठीक.

आपला आज्ञाधारक,
देवाजी

ता.क. दगड निघत नाही. तापवावा तर तडकेल, ओढावा तर शिंग मोडेल, आणि शिंग मोडलं की नोकरी गेलीच म्हणून समजा. लाकूड आणि लाख यांत तुमचा जन्म गेला. शनिवारच्या पहिल्या गाडीनं हत्यारं घेऊन या.

आणखी ता.क. पण रविवारी सकाळी घरी परत हजर असा. लिहू नये असं वाटत होतं, पण पोळ्याचे परीक्षक आमचे साहेबच होते. बैल हातात घेऊन, चष्मा पुसून पुसून पाहिला आणि कारागीर कोण म्हणून विचारलं. माझ्या तोंडून तुमचं नाव निघून गेलं. ते नातवासाठी बैल सांगायला रविवारी तुमच्याकडे येत आहेत. शिंगं मीच कोरली म्हणून छातीठोक सांगा. दोन शब्द बोलतील, ते मुकाट्यानं ऐकून घ्या. मला म्हणाले, “बैल फर्स्ट क्लास आहे, देवाजी. शिंगं मात्र तुमच्या भाऊजींना साधली नाहीत. असल्या शिंगांचं जनावर या पृथ्वीवर कधी झालंच नाही.”