कळलं त्यांनी हात वर करा

ती. ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. वाकूनच करायचा होता, पण कंबर धरली आहे, तेव्हा उभ्याउभ्या केलेला गोड मानून घे. तुझा गुडघा कसा आहे? भावोजींना ऐकू कमी येतं असं तू कळवलंस. ते सगळ्यांचंच कमी येतं की फक्त तुझं, एवढं आधी तपासून घे. (चाळीस वर्षांच्या संसारानंतर पुष्कळ पुरुषांना ही सोय सुचते.) इकडे आम्ही ठणठणीत आहोत. मी तर इतका ठणठणीत आहे की आमच्या संस्थेच्या संचालकांना त्याचा त्रास होऊ लागला आहे. तुझ्या भावाने भर सभेत पाहुण्यांचा अपमान केला, असं तुझ्या कानावर आज ना उद्या येईलच, म्हणून आधीच लिहितो. मी अपमान केलेला नाही. मी प्रश्न विचारला. या दोहोंतला फरक ज्याला कळत नाही त्याने संशोधन संस्था चालवू नये. किराणा दुकानही चालवू नये, कारण तिथे तर गिऱ्हाईक दिवसभर प्रश्नच विचारत असतं.

तुला माहीतच आहे, संस्थेत मी काच फुंकतो. शास्त्रज्ञ कागदावर चित्र काढून आणतात, तीन तोंडं, दोन नळ्या, मधे एक वेटोळं, आणि मी ज्योतीवर काच वितळवून ते भांडं घडवतो, आतली हवा काढून तोंड बंद करतो. सव्वीस वर्षं हेच. शिवाय दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी संस्थेत जनतेसाठी व्याख्यान असतं, त्याचं आभारप्रदर्शन माझ्याकडे. ते माझ्याकडे आलं, कारण आमच्या शास्त्रज्ञांना कोणाचे आभार मानायची सवय नाही, आणि मला बोलायचा कंटाळा नाही. वाचनही दांडगं. (ग्रंथालयातली अर्धी पुस्तकं केवळ माझ्यामुळे धूळ झटकून घेतात.) अकरा वर्षं सगळं सुरळीत चाललं होतं. मग हे नवे संचालक आले आणि त्यांनी पहिला नियम काढला: आभार तीन मिनिटांत. ताई, तीन मिनिटांत माणूस फार तर घसा साफ करतो!

त्यांचा दुसरा शोध याहून मोठा. व्याख्यानाला लोक कमी येतात, तर आधी गाण्याचा कार्यक्रम ठेवा म्हणाले. ठेवला. एका बाईंनी पाऊण तास असं गायलं की आमचे हिशेबनीससुद्धा मान डोलवताना दिसले. सभागृह खच्चून भरलं होतं. गाणं संपलं, दिवे लागले, व्याख्याते मंचावर आले आणि दोनशे माणसं एकदम उभी राहिली. बिचाऱ्याला वाटलं, आपल्या सन्मानासाठीच. हात जोडून म्हणाला, ‘‘बसा, बसा.’’ चौदाजण बसले. (त्यातल्या दोघांना छत्री सापडत नव्हती.) यावरून संचालकांनी निष्कर्ष काढला की जनतेला विज्ञान नको आहे, आणि पुढच्या वर्षापासून व्याख्यानाचं दार फक्त निमंत्रित विद्वानांसाठी उघडायचं असा प्रस्ताव मांडला. मी बैठकीत उठून सांगितलं की स्वयंपाक बिघडला तर आचारी बदलतात, जेवणाऱ्यांना हाकलत नाहीत. बैठकीच्या वृत्तांतात हे वाक्य ‘किरकोळ चर्चा झाली’ असं नोंदवलं गेलं.

आता त्या शनिवारचं ऐक. बाहेरून एक मोठे विद्वान आले होते. विषय होता पोकळी, म्हणजे काहीच नसलेली जागा. माझ्या शेजारी समोरच्या बेकरीच्या बाई बसल्या होत्या. दर व्याख्यानाला त्या दुकान भाच्यावर टाकून येतात, वही घेऊन येतात आणि व्याख्यात्याचं प्रत्येक वाक्य टिपून घेतात. पहिली दहा मिनिटं त्यांनी लिहिलं. मग पेन थांबलं. पडद्यावर एक समीकरण आलं, त्याच्या खाली दुसरं आलं, विद्वान म्हणाले, ‘‘हे तर उघडच आहे,’’ आणि बाईंनी वही मिटून पिशवीत घातली. त्यांना राग आला नव्हता. त्या ओशाळल्या होत्या. चूक आपलीच, असं त्यांना वाटत होतं! पुस्तकांत मी पुष्कळ अन्याय वाचले आहेत, पण माझ्या खुर्चीला खुर्ची लावून घडलेला हा पहिलाच. माझं डोकं सटकलं.

आभाराला उभा राहिलो. म्हटलं, मला तीनच मिनिटं आहेत, म्हणून एकच प्रश्न विचारतो. ज्यांना आजचं व्याख्यान कळलं त्यांनी हात वर करा. लाजू नका, कोणी नापास होणार नाही. ताई, एकही हात वर आला नाही. निवृत्त मास्तर, औषधाच्या दुकानाचे मालक, आमचे स्वतःचे चार शास्त्रज्ञ, सगळ्यांचे हात मांडीवर. मग पहिल्या रांगेत संचालकांचा हात वर गेला, आणि तो पाहून मागच्या रांगेत त्यांच्या ड्रायव्हरचा. मी अदबीने म्हटलं, साहेब, दोन वाक्यांत आम्हालाही सांगा. ते नऊ मिनिटं बोलले. (तीन मिनिटांचा नियम त्यांनीच केलेला, हे मी नुसतं नमूद करतो.) मग मी ड्रायव्हरला विचारलं, तुम्हाला काय कळलं? तो म्हणाला, ‘‘आज घरी जायला उशीर होणार, एवढं कळलं.’’ या वर्षातला सर्वांत मोठा हशा झाला. विद्वानही हसले, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. माणूस वाईट नव्हता. त्याला आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

सोमवारी बोलावणं आलं. खोलीत संचालक, टेबलावर माझी फाइल, आणि मला खुर्ची नाही. म्हणाले, ‘‘तुम्ही काच फुंका. पोकळीचं आम्ही बघतो.’’ मी म्हटलं, ‘‘साहेब, तुमची पोकळी सव्वीस वर्षं मीच तयार करतोय. तुम्ही नुसते तिच्यावर बोलता.’’ ते लाल झाले. म्हणाले, ‘‘मग बोला ना! पुढच्या पहिल्या शनिवारी तुम्हीच व्याख्यान द्या. विषय तोच. शेवटी हातही वर करायला सांगा. निम्मे हात वर आले नाहीत, तर सार्वजनिक व्याख्यानं बंद. दार निमंत्रितांना.’’ मी म्हटलं, लेखी द्या. त्यांनी लेखी दिलं. मी सही केली, तारीख घातली, आणि त्यांच्याच पेनाने ‘आनंदाने मान्य’ असं लिहिलं.

तेव्हा कोणी तुला सांगितलं की भाऊ अडचणीत आहे, तर त्याला सांग की भाऊ मजेत आहे. मी माफी मागितलेली नाही आणि मागणारही नाही. ज्ञान म्हणजे कोणाच्या परसातली विहीर नव्हे, की मालकाने दोर काढून घेतला आणि गाव तहानलं. जे स्वतःला नीट कळलं आहे ते बेकरीच्या बाईंना सांगता येतं, आणि जे त्यांना सांगता येत नाही ते आपल्याला कळलं आहे का, हे प्रत्येक विद्वानाने घरी जाऊन दिवा मालवण्याआधी स्वतःला विचारावं. शनिवारी मी उभा राहीन आणि अख्खं सभागृह हात वर करील. लोकांवर माझा विश्वास आहे. माझ्या वाणीवर तर त्याहून जास्त आहे. भावोजींना हे मोठ्याने वाचून दाखव.

तुझा, कोणापुढे न वाकलेला (कंबर हे एकमेव कारण नव्हे),
धाकटा

ता. क. काल वर्कशॉपमध्ये रंगीत तालीम घेतली. श्रोते: लेथवाला, वेल्डर, भांडारातल्या बाई आणि तुझी भावजय. पंचावन्न मिनिटं बोललो. पोकळीबद्दल प्राचीन तत्त्ववेत्ते काय म्हणत इथून सुरुवात केली, ती माझ्या भांड्यापर्यंत यायला चाळीस मिनिटं लागली. शेवटी म्हटलं, कळलं त्यांनी हात वर करा. एकच हात वर आला, वेल्डरचा. म्हणाला, ‘‘जाऊ का? बस चुकेल.’’ तुझी भावजय म्हणाली, ‘‘मला धरू नका, मी तीस वर्षं न कळताच ऐकतेय.’’

आणखी ता. क. ताई, रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. शनिवारी हात वर आले नाहीत तर मी हरेन, त्याचं मला काही नाही. पण दार त्या बेकरीच्या बाईंवर बंद होईल, आणि ते बंद करणारा मीच ठरेन. तू चौतीस वर्षं तिसरीच्या मुलांना भागाकार शिकवलास, आणि एकही मूल न समजता पुढे जाऊ दिलं नाहीस. मंगळवारच्या पहिल्या गाडीने ये. स्वयंपाकघरात माझ्यासमोर बस, आणि जिथे कळणार नाही तिथे पूर्वीसारखं ‘‘हं, आता हेच नीट सांग’’ म्हण. मी उलटून बोललो तरी थांबू नकोस. संचालक रस्त्यात भेटलेच तर डोळे दाखवायला आले आहे म्हणावं.

शेवटचं ता. क. हे पत्र वाचताना जिथे कंटाळा आला तिथे लाल पेनाने रेघ मार आणि पत्र सोबत आण. रेघ पहिल्या पानावर असली तरी चालेल. मी तिच्यावर वाद घालणार नाही. फार नाही.