बाल्कनीखालच्या तुळया

प्रिय दादा,

तुझ्या मनगटाचं प्लास्टर निघाल्याचं वहिनीने कळवलं. माझे पुढचे दोन दात अजून बसायचेत. बोलताना शिट्टी वाजते आणि तुझी भाची दिवसभर माझी नक्कल करत फिरते.

त्या दुपारबद्दल आपण अजून एक अक्षर बोललो नाही. तुझ्या नाट्यगृहाच्या तुळया मी इंजिनियर म्हणून त्याच्या दोन महिने आधी तपासल्या, तेव्हा तू शेजारीच उभा होतास. वरून रंग चकचकीत, पण भिंतीत शिरलेली टोकं पाण्याने कुजलेली. पेचकस खुपसला तर मुठीपर्यंत आत गेला. तुझा चेहरा पडला होता.

तरी प्रयोगाला तू बाल्कनी उघडलीस. मी धावत आले, जिन्यात आडवी उभी राहिले, वर चढणाऱ्यांना खाली पिटाळू लागले. तू एवढंच म्हणालास, "आता कशाला आलीस?" मी हलले नाही. तू माझे केस धरून तोंड कठड्यावर आपटलंस. रक्ताबरोबर दात बाहेर आले. मी दाराचा लोखंडी अडसर उचलून तुझ्या हातावर घातला. हाड मोडल्याचं ऐकू आलं आणि, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. दुसरा घाव डोक्यातच घालणार होते, इतक्यात वर लाकूड कडाडलं.

आधीच वर गेलेले पंधराएक जण खुर्च्यांसकट खालच्या रांगांवर कोसळले. मोडक्या हाताने तू फळ्या उपसत होतास. लहानपणी आपल्याला फुकट आत सोडणारे दारवानकाका सापडले, तेव्हा त्यांच्या छातीवर अख्खी तुळई होती. पाणी मागता मागता ते गेले. त्यांच्यासह चार जण.

लोक तुझ्या घरावर दगड मारतात आणि मला शूर म्हणतात. तुळयांच्या तपासणीचा माझा अहवाल तुला मिळालाच नाही, असं तू पोलिसांना सांगितलंस. तुझी प्रत तू जाळलीस, हेही वहिनीने सांगितलं. दादा, त्या अहवालात मी आधी 'बाल्कनी आजच बंद करा' असं लिहिलं होतं. हंगामापुरतं सांभाळून घे, म्हणून तू माझ्या स्वयंपाकघरात रडलास, आणि मी ते खोडून 'वीस माणसं बसवायला हरकत नाही' असं लिहून सही केली. उद्या चौकशीत माझी साक्ष आहे. माझ्याकडची प्रत मी समितीपुढे ठेवणार आहे. मला वाचवायला तू आता काही बोलू नकोस.

तुझीच,
धाकटी