पाणपोईवरचा ग्लास

१४ एप्रिल १९७४, रविवार
झालं! बाप्तिस्मा झाला. चर्चमागच्या हौदात पाळकसाहेबांनी डोकं पाण्याखाली नेलं, तेव्हा नाकात पाणी गेलं आणि मी ठसकले. इतकी वर्षं वाट पाहिली, आणि ऐन वेळी खोकला! वर आल्यावर ते म्हणाले, "जुनी शामला पाण्यातच राहिली. आता नवा जन्म." मंडळी गात होती. मी ओल्या पातळात फाटकाकडे बघत उभी. आई येईल असं वाटलं होतं. नाही आली.

१६ एप्रिल
शाळेत हजेरी घेतली. नवा जन्म म्हणे – दाढ मात्र जुनीच दुखते आहे.

२ मे
कुसुमताई भेटल्या, इतवारीतल्या आमच्या घराशेजारच्या. मला बघून आधी दचकल्याच. मग बाजूला ओढून नेलं.
"तुह्या बापानं तुह्या नावानं आंघोळ केली वं पोरी! दहावं बी केलं. तुह्या नावाची सारी भांडी मोडीत काढली."
"आणि आई?"
"ते काय म्हणन? रडून राहिली."
बाबांचं भांड्यांचं दुकान. मी जन्मल्यापासून माझ्या ताटावाटीवर ते स्वतः छिन्नीनं नाव घालत आले. ठिपक्याठिपक्यांचं अक्षर, 'ला'चा काना खाली डावीकडे वळलेला. सगळं मोडीत! मी इथे जिवंत आणि घरी माझं सुतक. नुसता संताप झाला.

९ मे
ऊन असं की डोळ्यांपुढे अंधारी. इतवारीच्या तोंडाशी नवी पाणपोई दिसली. बाईनं रांजणातून ग्लास भरून दिला. प्यायले. दुसरा मागितला. मग बोटांना ठिपके लागले.
'कै. शामला हिच्या स्मरणार्थ.' काना डावीकडे वळलेला.
"काय झालं वं बाई? पाणी थंडं नाही का?" पाणपोईवाली विचारत होती. काय सांगणार तिला! मीच ती म्हणून?

१० मे
पाणी घशाखाली उतरत नाही. मला भीती वाटते आहे.

२३ जून
पाळकसाहेबांना ग्लासाचं सांगितलं. "वाईट काय त्यात? जुनी मेली असं आपणही म्हणतोच." बरोबर आहे. पण मरायला मी हो म्हटलं ते देवाजवळ – बाबांजवळ नव्हे! हे तोंडावर बोलायला हवं होतं.
वर्गात पोरींनी हाक मारली की हल्ली क्षणभर वाटतं, ह्यांना मी दिसते कशी?

८ ऑगस्ट
आरशात न बघताच वेणी घालते. ग्लासाला हात लावत नाही, मातीच्या गाडग्यातूनच पाणी पिते. प्रार्थनेत शब्द येत नाहीत.

६ ऑक्टोबर
पितृपक्ष चालू आहे. सर्वपित्रीला आई मागच्या गल्लीतल्या भिंतीवर कावळ्यांसाठी पान ठेवते. माझ्यासाठी ठेवेल? ख्रिस्ती बाईनं विचारावा का हा प्रश्न! पण मेलेल्यांना निदान वर्षातून एकदा घरचं जेवायला बोलावतात. जिवंतपणी तर मला कुणी बोलावलं नाही.

१५ ऑक्टोबर, सर्वपित्री
राहवलं नाही, गेले. भिंतीवर दोन पानं. एक उघडं – वडे, खीर, त्यावर कावळे तुटून पडलेले. दुसरं जरा अलीकडे, स्टीलच्या ताटलीनं झाकलेलं, ताटलीवर दगड. कावळे चोची मारमारून कंटाळले.
कावळ्याच्या पानावर झाकण कोण ठेवतं?
उचललं. सांभारवडी! पितरांच्या पानात कोथिंबिरीची वडी? घरात ती एकटी मीच मागून मागून खायची. गल्लीतच उभ्यानं खाल्ली. डोळ्यांना धार लागली – तिखट होती असं म्हणू. मागचं दार किलकिलं होतं. आत आईच्या बांगड्या वाजल्या. तिनं हाक मारली नाही, मीही नाही. पण दार लावलं नाही तिनं.
ताटली पदराखाली लपवून आणली. वाटेत कडेवर बोट फिरलं – ठिपके! न बघताच वर्तमानपत्रात गुंडाळून फळीवर टाकली. परत तेच वाचायची छाती नाही माझी.

१६ ऑक्टोबर
सकाळी कागद सोडला. ताटली नवीकोरी. 'शामला'. खाली तारीख, याच आठवड्यातली. 'ला'चा काना डावीकडे वळलेला.
नावाच्या आधी 'कै.' नाही.