पहिला मासा लागेपर्यंत

प्रिय बडबडे,

परवा फोनवर तू रजा काढून येते म्हणालीस आणि मी, उगाच धावपळ करू नकोस, म्हणून तुला गप्प केलं. काल मात्र तळ्यावर जाऊन आले. तुझे बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच, आणि एकटीच. शेवटच्या थांब्यावर बसमधून उतरले, बांधावरच्या पायवाटेला लागले. पूर्वी ते भराभर पुढे जायचे आणि मी मागून कुरकुरायचे, माशांना काय वेळ देऊन ठेवलीय का, जरा हळू चला. काल घाई करणारं कुणी नव्हतं, तरी धाप लागली. हल्ली चालण्याने काय, नुसतं उठण्यानेही दमते.

तळं तसंच आहे. लव्हाळ्यात पाणकोंबडी पिलं घेऊन हिंडत होती. वाळक्या फांदीवर पाणकावळा पंख पसरून बसला होता, दोरीवर वाळत घातलेल्या जुन्या कोटासारखा. असं काही दिसलं की बाबा न बोलता टोपी उचलायचे, आणि आपण त्या रोखाने बघायचं.

कारण पहिला मासा लागेपर्यंत कुणी बोलायचं नाही, हा त्यांचा नियम. छापखान्यातल्या यंत्रांनी आठवडाभर कान किटायचे बिचाऱ्यांचे. माझं काही अडायचं नाही. छपाईत बिघडलेले कागद ते घरी आणायचे, त्यांच्यावरच मी वाचायला शिकले. तेच कागद मी तळ्यावर वाचत बसायचे. त्यातल्या एकाही गोष्टीला धड शेवट नसायचा. शिक्षा व्हायची ती तुला. गाल फुगवून बसायचीस आणि मासा पाण्याबाहेर पुरता येतो न येतो तोच शाळेतल्या सगळ्या भानगडी सांगून मोकळी व्हायचीस. एकदा तर पाण्याला हात जोडून म्हणालीस, लाग ना रे लवकर, मला बोलायचंय! बाबा इतके हसले की हातातली गळाची काठीच पाण्यात गेली.

काल मी तीच काठी नेली होती. गांडूळ लावताना दोनदा निसटलं, पण जमलं. मग सवयीने तोंड मिटून बसले. उन्हं कलली तेव्हा दोरी ताणली गेली. तळहाताएवढा मासा. गळ सोडवायचं काम नेहमी त्यांचं; मी ओल्या रुमालात धरून कसाबसा सोडवला आणि मासा पाण्यात जाऊ दिला. आणि लगेच बाजूला वळले. आता बोलायला मोकळीक होती ना! केवढं साचलं होतं सांगायचं. बाजूला गांडुळांचा डबा होता, आणि मीच बरोबर नेलेली त्यांची टोपी.

परतताना बसमध्ये ठरवलं, तुला खरं लिहायचं. तू कशी आहेस विचारतेस, मी बरी आहे म्हणते आणि तुझ्या मुलांच्या परीक्षांवर घसरते. बरी नाहीये मी. आजारी नाही, घाबरू नकोस. दिवसभर बोलायला माणूस नसतं, आणि संध्याकाळी तुझा फोन येतो तेव्हा बोलायचं त्राण उरलेलं नसतं. म्हणून परवाचा माझा नकार विसर. रजा काढ आणि ये. आपण तळ्यावर जाऊ. काठी हवी तर घेऊ, पण माशाची वाट बघायची नाही. घराला कुलूप लावतानाच तू सुरू कर. मीही मध्येच तोडेन तुला.

तुझ्या बडबडीला आसुसलेली,
तुझीच
आई