नऊ नंबरची करडी रेघ

४ मार्च, मंगळवार
साहेबांचं फर्मान — शुक्रवारच्या बैठकीसाठी सगळ्या बसमार्गांचा नकाशा हवा. तोट्यातले मार्ग बंद करायचेत, त्यात नऊ नंबर पहिला. "ती रेघ बारीक काढ, करडी. नजरेत भरायला नको. आणि चित्रंबित्रं तर अजिबात नकोत."

नऊ नंबर! वर टेकडीवर मावशी एकटी राहते. आई रोज याच बसनं तिच्याकडे जाते, दुसरी बस नाही. आणि ती रेघ पुसट कुणी करायची, तर मी? बघतेच.

५ मार्च
अर्धी रजा टाकून आईबरोबर नऊमध्ये बसले. एकेका उतारूचं टिकलीएवढं डोकं कागदावर उतरवलं. एक अंबाडा, दोन टकलं, एक हेल्मेट (बसमध्ये!). शेवटच्या बाकावर आईला रोज दिसणारा, पेपरात तोंड खुपसलेला तो गृहस्थ — तोंडापुढचा पेपर जरा खाली करेल तर शपथ! मग त्याचे नुसते मोजे काढले. हिरवे, त्यावर पिवळी बदकं. आईनं कोपरानं ढोसलं, लोकांच्या पायांकडे काय बघतेस म्हणून.

६ मार्च
नकाशा दाखवला. बाकी मार्ग शहाण्यासारखे सरळ रेघेत, नऊवर मात्र हा सगळा गोतावळा. साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. वाटलं, गेली नोकरी! पण नुसतं म्हणाले, नको सांगितलं की तू करतेसच, मागच्या वर्षीही तेच. मग हळूच, "तेवढे मोजे काढून टाक."

मान डोलावली. काढतेय कसली!

७ मार्च
नऊ नंबर वाचली! आकड्यांचे तक्ते आले तसे गेले, कुणाला एक आठवेना. नकाशा लागला आणि अध्यक्षबाई उठून पडद्यापाशीच गेल्या. हेल्मेटवाला तर सगळ्यांना पाठ. "हा मोजेवाला उतरतो कुठे?" त्यांनी विचारलं. साहेबांना जोरात ठसका लागला.

नऊ चालू राहणार. आईनं आधी मावशीला फोन केला, मग रडली. मीही थोडी.

१० मार्च
साहेब आज बूट काढून खुर्चीवर चढले, माझा नकाशा स्वतः भिंतीवर लावायला.

हिरवे मोजे. पिवळी बदकं.

अग बाई! स्वतःच्याच बससाठी बोलता येईना, म्हणून मला 'नको' सांगितलं होतं. मी साळसूदपणे खिळा पुढे केला.